समुद्र दिसत नाही, पण ट्रॉलर आपलाच!

बांद्यातून समुद्र दिसत नाही. दिसतो तो हायवे, नाका आणि वीकेंडला गोव्याकडे सुटलेल्या बाइक्स. तरीही ट्रॉलरचा विषय आपलाच आहे. गावाजवळून वाहणारी तेरेखोल पुढे बरंच अंतर महाराष्ट्र-गोव्याची हद्द बनून समुद्राला मिळते. तिच्या खाडीत, खारफुटीच्या मुळांत कोळंबी आणि कितीतरी माशांची पिल्लं वाढतात आणि मोठी होता होता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात उतरतात.

ट्रॉलरला नेमकं तिथेच यायचं असतं. कोळंबी तळाशी राहते आणि तिला भावही चांगला. ट्रॉलचं जाळं म्हणजे एक लांबलचक पिशवी. तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या, खालच्या दोराला वजनं. बोट ते तळावरून तासन्‌तास ओढत नेते. चिखल ढवळून निघतो, तळाला चिकटून जगणारे जीव खरवडले जातात. शिवाय ताण बसला की जाळ्याचे आस मिटतात, त्यामुळे पिल्लांनाही बाहेर पडायला वाट राहत नाही. चौकोनी आसाची पिशवी उघडी राहते. पण तिच्यातून थोडी विकाऊ मासळीही निसटते. डिझेलचा खर्च डोक्यावर असताना ती आपणहून कोण लावणार? मग बोटभर मासळीही बंदरात येते, फिशमीलच्या कारखान्यात जाते आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्यात. म्हणजे चिकन खातानाही आपण समुद्रातलं काहीतरी संपवत असतोच!

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा. किनाऱ्याजवळ ठराविक वाव खोलीपर्यंत ट्रॉलरला मनाई आहे. पण असा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि तोही १२ सागरी मैलांपर्यंतच. परराज्यातला हायस्पीड ट्रॉलर रात्री मालवण-वेंगुर्ल्यासमोर घुसला, तर छोट्या होडीवाल्याची जाळी फाटतात आणि गस्तीची बोट येईपर्यंत तो हद्दीपार होऊ शकतो. पत्रादेवीला गाडी थांबवता येते, समुद्रात नाका कुठे उभारणार?

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही कमी. पट्टी घेऊन बाजारात जायला कुणी अडवलेलं नाही. मासेवाल्या मावशी हसतील, पण मासा कुठून आला तेही सांगतील.