मंदावलेल्या अंकांचे निदान

लखनौचे नभोवाणी केंद्र २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले. त्या पिढीच्या काही रेडिओसंचांवर हिरवा ‘जादूचा डोळा’ असे. केंद्र नेमके लागले की त्यातील छाया आक्रसत जाई. दीर्घ वापराने हा डोळा मंदावे. पुढे १९६७ साली जपानमध्ये त्याच तत्त्वावर निर्वात प्रस्फुरक दर्शक तयार झाला. जुन्या ध्वनिसंचांवरील निळसर-हिरवे अंक याच दर्शकाचे होत. ते फिके पडले की संच निकामी झाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु मंदपणा हे लक्षण आहे. रोग निराळाच असू शकतो.

या दर्शकाच्या निर्वात काचकोशात केसासारख्या बारीक तारा तापवलेल्या असतात. त्यांतून निघणारे ऋणकण धातूच्या जाळीतून पुढे जातात आणि जस्त-ऑक्साइडाचा लेप दिलेल्या पट्ट्यांवर आदळतात. त्या आघाताने लेप उजळतो व अंक उमटतो. तेव्हा दोष तारांत, विद्युत्‌पुरवठ्यात किंवा लेपात असू शकतो.

प्रथम सोपे उपाय करावेत. पुष्कळ संचांवर प्रकाश कमी करण्याची कळ असते. ती चुकून दाबली गेली आहे काय, हे पाहावे. दर्शनी काचेवरील धूळ मऊ कापडाने पुसावी. एवढ्याने भागले नाही, तर अंकांचे नीट निरीक्षण करावे. नेहमी पेटणारे अंक फिके, पण क्वचित उमटणारी चिन्हे तेजस्वी असतील, तर लेप झिजला आहे. तेथे दर्शक बदलण्यावाचून उपाय नाही. सारेच अंक सारखे मंद असतील, तर तारांची शक्ती क्षीण झाली असेल किंवा विद्युत्‌पुरवठ्यातील धारित्र सुकले असेल. धारित्राचा दोष अल्प खर्चात दूर होतो.

धारित्राचा मोठा शत्रू उष्णता होय. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मे-जूनमध्ये लखनौचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा वेळी बंद कपाटात कोंडलेला संच आतून आणखी तापतो. म्हणून त्याच्याभोवती हवा खेळती ठेवावी.

मात्र संच उघडण्याचे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे. वीज बंद केल्यावरही धारित्रात विद्युत्‌भार उरतो आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. घरच्या माणसाने डोळसपणे पाहावे आणि जे दिसले ते कारागिरास सांगावे. एवढ्यानेही दुरुस्तीयोग्य संच भंगारात जाण्यापासून वाचू शकतो.