मूल अठरा वर्षांचे झाले, आता त्याचा पालक कोण?

आमच्या मुलाची विशेष शाळा सुटली त्याला सहा वर्षे झाली. अठरा पूर्ण झाली म्हणून शाळेने छोटासा निरोप समारंभ केला, पेढे वाटले. पुढच्या सोमवारी तो नेहमीप्रमाणे गणवेश घालून, डबा घेऊन आकुर्डीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसची वाट पाहत उभा राहिला. दुपारी एकपर्यंत उभा होता. समजावून घरी आणले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा आम्हा दोघांच्या लक्षात आले, की शाळेच्या दिवसांत आम्ही पुढचा विचारच केला नव्हता.

दुसरा धक्का एका बँकेत बसला. त्याच्या नावावर खाते होते. ते आम्ही चालवत होतो. कारकून म्हणाला, "चाचा, आता तो सज्ञान आहे. सही त्याचीच लागेल." त्याला सही येत नाही. आम्ही म्हणालो, आम्ही त्याचे आईबाप आहोत. कारकून बिचारा खरेच बोलत होता. कायद्याच्या नजरेत अठरा वर्षांनंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, मग मुलाची समज चार वर्षांच्या लेकराइतकी का असेना.

यावर मार्ग आहे, आणि तो कोर्टकचेरीचा नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी ही समिती कायदेशीर पालक नेमते. आई, वडील, भाऊ, बहीण, इतर नातेवाईक किंवा संस्थाही अर्ज करू शकते. समितीचे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवले आहे. आम्हाला हे कळायला दोन वर्षे गेली. (ज्याला फक्त वाचता-लिहिताना अडचण येते, म्हणजे डिस्लेक्सिया, त्याचा या कायद्याशी संबंध नाही. त्याला पालक नेमण्याची गरजही नाही. मोहल्ल्यात दोन्हींची सर्रास गल्लत होते.)

आपल्याकडे 'वली' हा शब्द निकाहाच्या वेळीच कानावर पडतो. पण सूरह बकरामधल्या कर्जाच्या आयतीत, ज्याला स्वतः लिहून देता येत नाही त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, असा स्पष्ट हुकूम आहे. वारशात अशा मुलाचा हिस्सा तसूभरही कमी होत नाही. तरी घरोघरी काय ऐकू येते? "त्याला काय कळते, भाऊ सांभाळतीलच." सांभाळतातही, अल्हम्दुलिल्लाह. पण हिस्सा कुणाच्या नावावर जातो, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय न्यासाचा कायदा इथे फार कडक आहे: नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. आमच्या एका नातेवाइकाला हा अपमान वाटला. आम्हाला तो अमानतीचा हिशेब वाटतो.

आता कारखान्यांविषयी, कारण भोसरीपासून चाकणपर्यंत आपली बहुतेक घरे त्यावरच चालतात. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, असलेल्या कामगाराचे बौद्धिक अक्षमता असलेले मूल पूर्णपणे त्याच्या कमाईवर अवलंबून असेल, तर ते सज्ञान झाल्यावरही कुटुंबातच धरले जाते. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातले उपचार थांबत नाहीत. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये, कामगाराच्या मृत्यूनंतर कायमचे व पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला किंवा मुलीला वयाची अट न ठेवता आयुष्यभर पेन्शन मिळते. पण त्यासाठी कुटुंबाच्या नोंदीत मुलाचे नाव हवे. आमच्या फॉर्मवर ते नव्हते! मुलगा 'कमावणार नाही', म्हणून ठेकेदाराच्या माणसाने गाळले होते, आणि आम्हीही डोळे मिटून सही केली होती. वाचकहो, आजच घरातला फॉर्म काढून पाहा.

या सगळ्याला पाया म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात तपासणी होते. चाळीस टक्के किंवा अधिक अक्षमता असेल तर बहुतेक योजना खुल्या होतात: तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना, आणि राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही. शहरात राहणाऱ्यांनी मोरवाडीच्या महापालिकेच्या दिव्यांग भवनात एक चक्कर मारावी. चाकणकरांचे गाऱ्हाणे वेगळे. त्यांचे तहसील राजगुरुनगरला, आणि महापालिकेच्या योजना त्यांना लागू नाहीत. मात्र स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणे नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीलाही बंधनकारक आहे. लेखी अर्ज करून विचारायला हरकत नाही.

दिवसभर करायचे काय, हा प्रश्न पैशापेक्षा अवघड. अठरा वर्षांवरील मुलांसाठी कर्मशाळा असतात. पुण्यात १९६४ पासून काम करणाऱ्या 'कामायनी'चे केंद्र निगडीतही आहे. हिंजवडीजवळ मारुंजीला 'नवक्षितिज' ही प्रौढांसाठीची निवासी संस्था २००३ पासून चालते. मुळशीत 'साधना व्हिलेज' आहे, तिथे राहणाऱ्यांना 'विशेष मित्र' म्हणतात. आम्हाला हा शब्द फार आवडला. कारण आमच्या गल्लीत आमच्या मुलाला तीन नावे आहेत आणि त्यातले एकही इथे लिहिण्यासारखे नाही.

मुलींचे काय? आमच्या ओळखीत अशा दोन मुली आहेत, तिशीच्या आसपासच्या. दोघींचे प्रमाणपत्रही काढलेले नाही. एकीची आई म्हणते, कागद झाला की धाकटीच्या स्थळांना कळेल. तिला दोष देणे सोपे आहे. आम्हीही मोठीचा निकाह होईपर्यंत मुलाला पाहुण्यांसमोर आणत नव्हतो, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर त्याच मोठीच्या सासूने एकदा त्याला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने शिरखुर्मा भरवला, तेव्हा मान वर करवली नाही.

आमचा मुलगा आता सकाळी मशिदीच्या वजूखान्यात चपला नीट लावतो, मग नातेवाइकांच्या दुकानात पिशव्यांच्या घड्या घालतो. शंभरात दहा चुकतात. पालकपणाचे प्रमाणपत्र आमच्या नावे झाले आहे. पण आमच्यानंतर पुन्हा अर्ज करावा लागेल, म्हणून पुढचे नाव आताच ठरवायचे होते. थोरल्याने "बघू" म्हटले. चाकणला दिलेली मोठी म्हणाली, "अम्मी, माझे नाव लिहा," आणि जावयांनी मान हलवली.

येत्या शनिवारी आम्ही त्याला घेऊन चाकणला जाणार आहोत. तिच्या संमतीचा कागद करायचा आहे. परतताना त्याला एका रात्रीसाठी तिथेच ठेवणार आहोत, आमच्याशिवाय, पहिल्यांदाच. त्याची उशी, गोळ्या आणि दुकानातल्या दहा पिशव्या पिशवीत भरून ठेवल्या आहेत.