इंदूरची ड्यूसेनबर्ग आणि ग्वाल्हेरची रोल्स

बागली म्हणजे शिंद्यांना टांका देणारी छोटी ठाकुरात, आणि शेजारी होळकरांचं इंदूर. मोटारींच्या इतिहासातही आपलं गाव या दोन घराण्यांच्या मधेच येतं.

आधी आली रोल्स-रॉइस. 1908 च्या मुंबई–कोल्हापूर मोटार चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स धावली आणि ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर न कुरकुरणारी गाडी, अशी रोल्सची ख्याती झाली. पुढे संस्थानिक म्हटला की रोल्स आलीच!

इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची आवड मात्र वेगळी. युरोपातली नवी कला त्यांच्या माणिकबाग राजवाड्यात होती, तशी अंगणात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे होती. 1935 ची, दोन माणसांची, केशरी-काळ्या रंगाची.

आता दोघींची तुलना करू. रोल्सच्या त्या काळच्या फँटम टू मॉडेलला (1929 ते 1935) सहा सिलिंडरचं 7.7 लिटरचं इंजिन होतं. ताकद किती, हे कंपनी जाहीरच करायची नाही. ड्यूसेनबर्गचं इंजिन 6.9 लिटरचं, म्हणजे लहानच. पण सिलिंडर आठ, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, वर हवा दाबून आत घालणारा सुपरचार्जर. कंपनीचा दावा होता 320 अश्वशक्तीचा! एक गाडी शांतपणा विकत होती, दुसरी वेग.

तरी एक गोष्ट दोघींत सारखी. कंपनी फक्त इंजिन आणि चासी द्यायची, वरचा साज गिऱ्हाइकानं हवा तिथून करून घ्यायचा. होळकरांच्या ड्यूसेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं केली, आणि हेच कारागीर रोल्सलाही बॉडी चढवत. म्हणजे शिंपी एकच, कापड वेगळं.

मग टिकलं कोण? ड्यूसेनबर्गच्या नुसत्या चासीची किंमत साडेआठ हजार डॉलर, जेव्हा फोर्डची मॉडेल ए पाचशेच्या आसपास मिळायची. मंदी आली, गिऱ्हाईक आटलं आणि 1937 मध्ये कारखाना बंद पडला. रोल्सकडे विमानांच्या इंजिनांचा धंदाही होता, म्हणून ती तरली. सुंदर असणं वेगळं आणि टिकणं वेगळं.

मला विचाराल तर देखणी ड्यूसेनबर्गच. पण माळव्याच्या रस्त्यावर रोज चालवायची तर रोल्स. आणि दोघींच्या कौतुकात एक हिशेब विसरू नये. संस्थानांचा खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर चालायचा. या गाड्यांचे फोटो बघताना महाराज दिसतात, कारागिराचं नावही सापडतं. पण काळ्या मातीत राबून ज्यानं सारा भरला, तो फोटोत कुठेच नसतो.