समारंभ-संयोजन : पुण्यातील तरुणांसाठी एक व्यवसाय

पुणे शहराला सार्वजनिक समारंभांची दीर्घ परंपरा लाभली आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव, १९६३ पासूनची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि गावोगावच्या मंडळांना आदर्श ठरलेला गणेशोत्सव ही तिची ठळक उदाहरणे होत. मांडव घालणे, वर्गणी जमविणे, पाहुण्यांची व्यवस्था पाहणे आणि शेवटी हिशेब देणे ही कामे स्वयंसेवकांनी हौसेने केली. पुढे याच कामांना व्यवसायाचे रूप आले. त्यालाच आज इव्हेंट मॅनेजमेंट असे म्हणतात.

वाढती मागणी

पिंपरी-चिंचवडमधील कारखाने आणि हिंजवडीतील संगणक उद्योग यांमुळे विक्रेत्यांचे मेळावे, नव्या उत्पादनांचे अनावरण, कर्मचाऱ्यांची संमेलने यांना नियमित मागणी असते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पार पडल्या. विवाहसमारंभांचे काम तर बाराही महिने कमीअधिक प्रमाणात चालूच असते.

कामाचे स्वरूप

संयोजकाच्या कामाच्या दोन बाजू आहेत. पहिली व्यवस्थेची : जागा, रंगमंच, ध्वनिक्षेपण, वीज व जनित्र, भोजन, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, वाहनतळ. दुसरी विपणनाची : कार्यक्रम कोणासाठी आहे हे ठरविणे, प्रायोजक मिळविणे, जाहिरात व तिकीटविक्री करणे. आपल्या पैशांच्या मोबदल्यात कोणत्या वर्गातील किती लोकांपर्यंत आपले नाव पोहोचेल, हे प्रायोजकास नेमके हवे असते. फुगवून सांगितलेला आकडा एकदाच खपतो. दुसऱ्या वर्षी तो प्रायोजक परत येत नाही.

परवानग्या व सुरक्षितता

सार्वजनिक कार्यक्रमासाठी पोलीस, महानगरपालिका आणि अग्निशमन दल यांच्याकडे पुरेसे आधी अर्ज करावे लागतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने जाहीर केलेल्या, वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते.

या अटींना केवळ कागदी सोपस्कार समजणे चुकीचे ठरेल. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविकांचा बळी गेला. अरुंद वाट आणि एकाच वेळी लोटलेली गर्दी यांचा परिणाम किती भीषण होतो, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे ठेवणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या राखणे आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवणे हे संयोजकाचे पहिले कर्तव्य आहे. यात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या ग्रामपंचायतींनाही ते तितकेच लागू पडते.

प्रारंभ आणि भांडवल

या व्यवसायाचे अभ्यासक्रम उपलब्ध असले, तरी खरे शिक्षण प्रत्यक्ष कामातच मिळते. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, गणेश मंडळ किंवा एखादा महोत्सव येथे दोन-तीन वर्षे स्वयंसेवक म्हणून राबलेल्या तरुणास मांडववाले, वीजतंत्रज्ञ आणि आचारी नावानिशी ओळखू लागतात. ही ओळख हेच त्याचे पहिले भांडवल होय.

नवख्या संयोजकाची खरी ओढाताण पैशांच्या वेळापत्रकात होते. मांडववाल्यास आगाऊ रक्कम द्यावी लागते. ग्राहकाचे देयक मात्र कार्यक्रमानंतर चुकते होते. म्हणून लेखी करार, टप्प्याटप्प्याने रक्कम आणि अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद या तीन गोष्टी टाळू नयेत. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु सेवा उपक्रमास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळणे बंधनकारक असून, ते थकल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कर्जसाहाय्याच्या शासकीय योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

शाळेच्या संमेलनात पडद्यामागे धावपळ करणारा विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेतून सहसा निसटतो. टाळ्या रंगमंचावरील मुलांना मिळतात. त्या विद्यार्थ्याच्या हाती पुढील संमेलनाचे अंदाजपत्रक आणि हिशेबाची वही सोपविली, तर त्याच्या व्यवसायाचा पहिला धडा शाळेतच गिरविला जाईल.