खजिनदारांची एफडी आणि बड्यांचं कर्ज

आज तारण ठेवलेल्या शेअर्सचं गणित मांडायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी विचारलं आहे, ‘‘बड्या कर्जदारांवर तुम्ही लिहिता, पण आमचा सिंकिंग फंड सहकारी बँकेत एफडीत पडून आहे. आमचा त्यांच्याशी काय संबंध?’’

पीएमसी ही सहकारी बँक आठवा. मुख्यालय भांडुपला, 137 शाखा, ठेवी सुमारे 11,600 कोटींच्या. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सहा महिन्यांत खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येतील असं ठेवीदारांना कळलं. (मर्यादा नंतर वाढत गेली, पण तो पहिला धक्का अजून कुणी विसरलेलं नाही.) बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे 73 टक्के एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहाकडे होतं. नियमाप्रमाणे एका समूहाला बँकेच्या भांडवली निधीच्या 40 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. मग हे लपलं कसं? समूहाची 44 कर्जखाती झाकायला 21,049 बनावट खाती दाखवली गेली. ती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत तेवढी होती.

एवढं कर्ज दिलं की धनकोच ऋणकोचा मिंधा होतो. हप्ते थकले हे मान्य करावं तर बँक बुडते, म्हणून झाकपाक चालू राहते. बड्या कर्जदाराची खरी ताकद मला यातच दिसते.

आता खजिनदारांच्या प्रश्नाकडे. जानेवारी 2022 मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. व्यक्तिगत ठेवीदारांना ठेव विम्याचे 5 लाखांपर्यंत आणि उरलेले टप्प्याटप्प्याने, शेवटचा टप्पा 10 वर्षांनी. संस्थात्मक ठेवीदारांचं मात्र विम्यावरच्या रकमेपैकी 80 टक्के वर्षाला 1 टक्का लाभांशाच्या प्रेफरन्स शेअर्समध्ये गेलं, बाकीच्या 20 टक्क्यांचे वॉरंट. लिफ्टवाला वॉरंट घेत नाही!

विमासुद्धा नीट समजून घ्या. सोसायटी 16 सदनिकांची असो वा 160, तिच्या नावावरच्या ठेवींसाठी ठेवीदार एकच. डोंबिवलीच्या शाखेत 4 लाख आणि त्याच बँकेच्या कल्याणच्या शाखेत 4 लाख ठेवले तरी संरक्षण एकूण 5 लाखांनाच, तेही व्याजासकट. फेब्रुवारी 2020 पूर्वी तर ही मर्यादा 1 लाखच होती, 1993 पासून. गंमत म्हणजे या विम्याच्या जन्मात आपल्या अकोल्याचाही वाटा आहे. 1960 साली तिथली लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा सरकार जागं झालं. 1 जानेवारी 1962 ला विमा सुरू झाला, 1,500 रुपयांचा.

म्हणून सहकारी बँकांतून पैसे काढून पळा, असं मी म्हणणार नाही. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी समूहाची कर्जमर्यादा टियर-1 भांडवलाच्या 25 टक्क्यांवर आणली आहे. पण खजिनदारसाहेब, यंदाच्या वार्षिक सभेआधी बँकेचा अहवाल मागवा, थकीत कर्जाचं पान आधी वाचा आणि एफडी दोन-तीन बँकांत विभागण्याचा ठराव करून घ्या.