फाटक कोणाच्या भरवशावर?

आज आपण रेल्वेच्या फाटकाबद्दल बोलणार आहोत. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने फाटकावर का बोलावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. रस्ता आणि रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे एक प्रश्न सोडवावाच लागतो : भरवसा कोणावर ठेवायचा? वेगात आलेली आगगाडी समोर काही दिसल्यावर लगेच थांबू शकत नाही, हे सगळ्या देशांत सारखंच आहे. पण भरवसा फाटकवाल्यावर, यंत्रावर की वाटसरूवर, याचं उत्तर देशोदेशी वेगळं दिलं गेलं. पुढे ही उत्तरं यंत्रांच्या रूपाने एका देशातून दुसऱ्या देशात गेली. यंत्र जहाजात घालून नेता येतं. त्याच्यामागे गृहीत धरलेला माणूस तसा नेता येत नाही. तिथेच घोटाळा होतो, आणि कधी कधी त्यात जीव जातात.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तिथल्या १८४५ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना सांगितलं, की रस्त्याला छेदून जायचं असेल तर दोन्ही बाजूंना फाटकं लावा आणि ती सांभाळायला माणूस ठेवा. ही फाटकं दारासारखी फिरायची. रस्त्याला आडवी आली की रस्ता बंद, रुळांना आडवी आली की रूळ बंद. पुढे फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडले गेले. फाटक पक्कं लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळणारच नाही, अशी ती जोडणी. यालाच आपण इंटरलॉकिंग म्हणतो. म्हणजे रस्त्यावर एखादी बैलगाडी अडकली, तर आगगाडीने थांबायचं.

आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती इंग्रजी कंपनीची. तिच्याबरोबर ही विचारसरणीही आली. आज लोखंडी दारांच्या जागी वर उचलले जाणारे दांडे आले आहेत, पण अनेक फाटकांवर नियम तोच आहे. प्रवासात कधी सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळा ‘जी’ दिसला, तर तो फाटकाचा सिग्नल समजा. दिव्याच्या फाटकापायी मध्य रेल्वेच्या लोकल कशा रखडायच्या, हे तुमच्यापैकी अनेकांनी दारात लटकून अनुभवलं असेल. वाहनांची रांग तुटत नाही, फाटक लागत नाही, म्हणून सिग्नल मिळत नाही. त्रास खरा आहे, पण तो त्रास म्हणजेच ती सुरक्षितता, हेही लक्षात घ्या.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे अंतरं अफाट आणि वस्ती विरळ. प्रत्येक छेदावर माणूस बसवणं परवडणारं नव्हतं. शहरांत पहारेकरी असायचा. दिवसा झेंडा, रात्री लाल कंदील घेऊन तो रस्त्यात उभा राहायचा आणि हात डावीउजवीकडे हलवायचा. बाकी ठिकाणी फक्त फुलीसारखी पाटी.

मग यंत्र आलं. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. कल्पना अगदी सोपी आहे. रुळांमधून बारीक वीजप्रवाह सोडायचा, आणि तो दुसऱ्या टोकाला एक रिले उचलून धरतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. प्रवाह मधूनच परततो आणि रिले खाली पडतो. तो पडला की घंटा वाजायला लागते. यातली खरी मेख पुढे आहे. तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी रिले खालीच पडतो. म्हणजे यंत्र बिघडलं तर ते ‘धोका आहे’ असंच सांगतं. शंका आली तर थांबा, हा विवेक यंत्रात घातला गेला.

१९०९ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेतले अभियंते अल्बर्ट हंट यांनी एक उपकरण केलं. विद्युतचुंबकांच्या जोरावर लाल दिवा लावलेली एक तबकडी घड्याळाच्या लंबकासारखी हलायची. ती म्हणजे कंदील हलवणारा पहारेकरीच. लोकांनी तिला ‘विगवॅग’ म्हटलं. हे विगवॅग ऑस्ट्रेलियातही जाऊन पोचले. पुढे हलणाऱ्या तबकडीच्या जागी शेजारी शेजारी दोन लाल दिवे आले. हा पेटला की तो विझतो, तो पेटला की हा विझतो. हे दिवे का उघडमीट करतात? कारण त्या पहारेकऱ्याचा हात डावीउजवीकडे हलत होता. जपानपासून इंग्लंडपर्यंत आज हे जोडदिवे दिसतात. पहारेकरी गेला, त्याचा हातवारा जगभर राहिला.

पण अमेरिकी यंत्राने एक गोष्ट मुकाट्याने बदलली. यंत्र इशारा देतं, आगगाडीला थांबवत नाही. थांबायचं ते रस्त्यावरच्या माणसाने. त्याने किती काळजी घ्यायची, यावर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी म्हटलं, की गाडी येते का हे कळत नसेल तर चालकाने थांबून, गरज पडल्यास खाली उतरून बघावं. सात वर्षांनी, १९३४ मध्ये, न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ही अपेक्षा फार ताणू नये असं ठरवलं. उतरून बघून परत येईपर्यंत आगगाडी येऊ शकते, हा त्यांचा मुद्दा. दोघंही मोठे विचारवंत, आणि वाद एवढाच, की सामान्य माणसाकडून किती शहाणपणाची अपेक्षा ठेवायची. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १३१ बघा. बिनफाटकाच्या छेदावर चालकाने थांबायचं, आणि गाडीत कंडक्टर किंवा क्लीनर असेल तर त्याने उतरून, पुढे चालत जाऊन, दोन्ही बाजू बघून वाहन पलीकडे न्यायचं. चालक स्टीअरिंगवर, डोळे दुसऱ्याचे. कार्डोझोंच्या आक्षेपाला हे एक व्यवहारी उत्तरच म्हणायचं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फाटकवाल्यांचा पगार जड वाटू लागला. तिथले अधिकारी हॉलंड, बेल्जियम, फ्रान्सला जाऊन स्वयंचलित अर्धफाटकं पाहून आले. अर्धफाटक म्हणजे दांडा फक्त येणाऱ्या बाजूचा अर्धा रस्ता अडवतो. बाहेर पडायची बाजू मोकळी, म्हणजे कोणी आत कोंडलं जाणार नाही. गाडी लांबून रुळांवर आली की दिवे लागतात, दांडे पडतात आणि थोड्याच सेकंदांत गाडी निघून जाते. वेळ मुद्दाम कमी ठेवायची, कारण लोकांना फार ताटकळत ठेवलं तर ते अर्ध्या दांड्याला वळसा घालून घुसतात. तर्क बिनचूक होता. १९६१ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या स्पाथ इथे इंग्लंडातलं असं पहिलं फाटक सुरू झालं.

त्याच परगण्यात हिक्सन नावाचं गाव आहे. तिथलं फाटक १९६७ मध्ये स्वयंचलित झालं. ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन एक प्रचंड वाहन तिथे आलं. लांबी १४८ फूट, वेग ताशी जेमतेम दोन मैल. आपणच गणित करू. ताशी दोन मैल म्हणजे सेकंदाला सुमारे तीन फूट. नुसती स्वतःची लांबी पुढे सरकायला त्याला पन्नास सेकंद हवे होते. आणि इशारा लागल्यापासून गाडी येईपर्यंतची वेळ होती २४ सेकंद. वाहनाबरोबर पोलीस होते. वाहनावरच्या माणसांचं लक्ष वरच्या विजेच्या तारांकडे होतं. दिवे लागले, दांडे त्या वाहनावरच उतरले, आणि मँचेस्टरहून लंडनला जाणारी एक्स्प्रेस येऊन धडकली. अकरा माणसं गेली.

तिथे फोन होता. अवजड वाहनाने आधी सिग्नलवाल्याला फोन करावा, अशी पाटीही होती. पण ती वाचायला कोणी थांबलं नाही. का थांबतील? शंभराहून अधिक वर्षं इंग्लंडमधल्या माणसाला ठाऊक होतं, की आपण रुळांवर असताना फाटक लागत नाही आणि फाटक लागल्याशिवाय गाडी येत नाही. तो भरवसा आता काढून घेतला आहे, हे नव्या यंत्राने त्याला सांगितलंच नव्हतं. यंत्र परदेशातून आलं, माणूस मात्र जुनाच राहिला. चौकशीनंतर इशाऱ्याची वेळ वाढली, लाल दिव्यांआधी पिवळा दिवा आला, पाट्या ठळक झाल्या आणि नवी फाटकं बसवण्याचा वेग बराच मंदावला.

योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नाला रस्त्यांवरच्या चिन्हांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात रेल्वे छेदासाठी लाल उघडमीट दिवे मान्य झाले. शिवाय एक छान मुभा दिली गेली : हवं तर हळू लुकलुकणारा पांढरा दिवा लावा. रशिया, फिनलंडसारख्या देशांत तो दिसतो. लाल दिवा विझलेला असेल तर दोन अर्थ निघू शकतात : गाडी नाही, किंवा यंत्र मेलं आहे. पांढरा दिवा सांगतो, की मी जिवंत आहे आणि गाडी येत नाही. गप्प राहणं आणि ‘नाही’ म्हणणं यांतला फरक आम्ही वर्गात तासन्‌तास शिकवत होतो. तिथे तो एका दिव्याने दाखवला.

शेवटी जपान. तिथे अमेरिकी वळणाचे जोडदिवे आहेत, फुली आहे, घंटा आहे. पण कायदा जपानचा स्वतःचा : दिवे लागलेले नसले तरी प्रत्येक वाहनाने छेदापाशी थांबून खात्री करायची. आणि अनेक फाटकांवर एक बटण असतं. वाहन अडकलं तर कुणीही ते दाबायचं. लगेच येणाऱ्या आगगाडीला धोक्याचा इशारा मिळतो. त्यांनी यंत्र उसनं घेतलं, आणि त्यात जी उणीव होती, म्हणजे रस्त्याकडून आगगाडीपर्यंत निरोप जायची सोय नव्हती, ती भरून काढली. हिक्सनला फोनच्या पाटीवर विसंबण्याऐवजी असं काही असतं तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं संपवली गेली. अनेक ठिकाणी आता पूल आणि भुयारी रस्ते होत आहेत. हा उत्तम उपाय, कारण तिथे प्रश्नच उरत नाही. पण जोवर फाटकं आहेत, तोवर नवी यंत्रं येणार, आणि बरीचशी बाहेरूनच येणार. यावीतही. फक्त बसवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : हे यंत्र ज्या देशात घडलं, तिथे त्याने रस्त्यावरच्या माणसाबद्दल काय गृहीत धरलं होतं? आणि आपल्या रस्त्यावरचा माणूस कशावर भरवसा ठेवून रूळ ओलांडतो? दोन्हींत अंतर असेल, तर ते आधी त्या माणसाला सांगायला हवं, त्याला समजेल अशा रीतीने, आणि तो थांबेल अशा जागी.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.