कळतं, पण आवरत नाही

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात 2000 साली चाळिशीतल्या एका शिक्षकाचं वागणं बघता बघता बिघडलं. असला गुन्हा पूर्वी कधीच नावावर नसलेला हा माणूस चोरून मुलांची अश्लील चित्रं जमवू लागला, मग लहानग्या सावत्र मुलीशी लगट करू लागला. बायकोला कळलं, प्रकरण कोर्टात गेलं, तो दोषी ठरला. तुरुंगाऐवजी उपचार केंद्राची संधी मिळाली, तर तिथल्या बायकांचीही त्याने छेड काढली. शिक्षा सुनावली जायच्या आदल्या संध्याकाळी डोकं असह्य दुखतंय म्हणून तो इस्पितळात गेला. चालताना तोल जात होता, लिहिता येत नव्हतं, कपड्यांत लघवी झाली तरी त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. एमआरआयमध्ये डोळ्यांच्या वर, कपाळामागच्या भागात अंड्याएवढी गाठ दिसली.

गाठ काढली आणि ती वासनाही गेली. काही महिन्यांनी तो घरी परतला. 2001च्या ऑक्टोबरात पुन्हा डोकेदुखी, पुन्हा चोरून चित्रं जमवणं. तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली.

मेंदूचा हा भाग मनात उठलेल्या ऊर्मीला आवर घालतो. तो निकामी झाला तरी बरंवाईट कळणं शाबूत राहू शकतं. आपण करतोय ते चूक आहे, हे त्या शिक्षकाला ठाऊक होतं.

सगळीच प्रकरणं इतकी स्वच्छ नसतात. 1 ऑगस्ट 1966 रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून चार्ल्स व्हिटमनने गोळीबार केला. त्याआधी आई आणि बायकोला मारलं होतं. आपल्या मेंदूची तपासणी करा, असं त्यानेच लिहून ठेवलं होतं. शवविच्छेदनात गाठ सापडली. पण हत्याकांडाला तीच कारणीभूत होती, असं चौकशी समितीला ठामपणे म्हणता आलं नाही.

स्वीडनमध्ये डोक्याला मार लागलेल्या सुमारे 22,900 जणांच्या 1973 ते 2009 या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. मार लागल्यानंतर 8.8 टक्के लोकांनी हिंसक गुन्हा केला. इतरांत हे प्रमाण 3 टक्के होतं. सख्ख्या भावंडांशी तुलना केल्यावर फरक घटला, पण पुसला गेला नाही. म्हणजे धोका खरा आहे. आणि शंभरातल्या एक्क्याण्णव जणांनी कुणावर हात उगारल्याची नोंद नाही, हेही तितकंच खरं. डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे संशयाने पाहणं म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय.

आपला कायदा मात्र कळण्यापाशीच थांबतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 22, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेचं कलम 84, विचारतं ते एवढंच : मनोविकलतेमुळे आरोपीला कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे, कळत नव्हतं का? आवरता येत होतं का, हा प्रश्न त्यात नाही. त्या शिक्षकाचा खटला इथे चालला असता, तर त्याला या कलमाचा आधार मिळणं अवघडच होतं. त्याला मोकळं सोडावं असं कुणी म्हणणार नाही; त्या मुलीचं संरक्षण आधी. पण उभं आयुष्य सरळ गेलेला माणूस अचानक असा बदलला, तर शिक्षेआधी मेंदूची तपासणी व्हायलाच हवी.

घरच्यांनीही जागं राहायला हवं. अपघातातून उठलेला माणूस क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येऊ लागला, की ‘स्वभाव बदलला’ म्हणून गप्प बसलं जातं. हे डॉक्टरांना सांगावं, सीटी स्कॅन नॉर्मल आला असला तरीही. मेंदूतल्या सूक्ष्म इजा त्यात नेहमी दिसतातच असं नाही.